‘शुद्ध’ पेट्रोल आणि जुनी इंजिने : इथेनॉलविरहित इंधनाच्या मागणीचा विचार

ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलविषयी देशभर मोठी चर्चा झाली. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल, म्हणजे ई-२०, हेच बहुतेक पंपांवर मिळू लागले असून जुन्या गाड्यांच्या मालकांना दुसरा पर्यायच राहिलेला नाही, अशी तक्रार होती. इथेनॉलविरहित पेट्रोलही मिळावे आणि पंपावर इथेनॉलचे प्रमाण स्पष्ट लिहिलेले असावे, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयातला प्रश्न तेथे मिटला. गॅरेजमधला मात्र मिटलेला नाही.

कम्युनिटी कॉलेजांतून दुचाकी दुरुस्तीचा किंवा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून जी मुले बाहेर पडतात, त्यांच्याकडे येणारे गिऱ्हाईक बहुधा नव्या गाडीचे नसते. नवी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाते. मोहल्ल्यातल्या गॅरेजला येते ती दहा-पंधरा वर्षे चाललेली स्कूटर, फेरीवाल्याची मोटारसायकल, दुकानाबाहेरचा लहान जनरेटर, शेतकऱ्याचा पॉवर स्प्रेअर. ‘पेट्रोलमुळे गाडी बिघडली’ हे वाक्य या मुलांना रोज ऐकावे लागते. त्यावर ‘होय, सगळा दोष इथेनॉलचा’ असे म्हणणारा मेकॅनिक खरा दोष शोधत नाही, आणि ‘इथेनॉलने काहीच होत नाही’ असे म्हणणारा गिऱ्हाइकाचे नुकसान करतो. कोणते इंजिन, किती जुने, आणि त्यात पेट्रोल किती दिवस पडून राहते, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज या तक्रारीचे उत्तर देता येत नाही. हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांच्या अंगवळणी कसे पाडावेत, हा शिक्षकांपुढचा विषय आहे.

‘शुद्ध’ या शब्दाचा घोळ

सुरुवात भाषेपासून करावी लागते, कारण गैरसमजाचे मूळ बरेचसे तेथेच आहे. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला लोक सर्रास ‘शुद्ध’ किंवा ‘असली’ पेट्रोल म्हणतात. उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी ‘ख़ालिस’ म्हणतो. त्यामुळे इथेनॉल घातलेले पेट्रोल आपोआप ‘भेसळीचे’ ठरते. पूर्वी काही ठिकाणी पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले जाई, ती भेसळ. तिच्यात गिऱ्हाइकाची फसवणूक होती आणि इंजिनाला त्यातून काहीच लाभ नव्हता. इथेनॉलचे मिश्रण सरकारी धोरणानुसार व भारतीय मानकानुसार होते. ते प्रत्येक इंजिनाला मानवतेच असे नाही, परंतु त्याला भेसळ म्हणता येत नाही.

मुळात पेट्रोल हा एकच एक पदार्थ नव्हेच. शुद्धीकरण कारखान्यात अनेक हायड्रोकार्बनांचे प्रवाह एकत्र करून ते तयार होते आणि त्याचा ऑक्टेन अंक वाढवण्यासाठी त्यात काही ना काही घालावेच लागते. ऑक्टेन अंक म्हणजे सिलिंडरात दाब वाढत असताना ठिणगीआधी किंवा वेडेवाकडे पेट न घेण्याची इंधनाची क्षमता. ती कमी पडली की इंजिनात ठोके ऐकू येतात, ज्याला मेकॅनिक ‘नॉकिंग’ म्हणतात. १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा हा गुण सापडला. इथेनॉलही ठोके थांबवते हे त्या काळीच माहीत होते; पण शिसे अगदी थोडे लागे आणि त्यात धंद्याचा फायदा अधिक होता. त्या निवडीची किंमत पुढची कित्येक दशके जगभरातल्या मुलांच्या रक्तातील शिशाने मोजली. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेरहित पेट्रोल लागू झाले. शिसे गेल्यावर त्याची जागा बेन्झीन-टोल्युईन गटातील सुगंधी हायड्रोकार्बनांनी किंवा एमटीबीई नावाच्या रसायनाने घेतली. एमटीबीईने अमेरिकेत भूजल दूषित केल्यावर तेथे इथेनॉलकडे वळणे भाग पडले. तात्पर्य, इथेनॉल काढून टाकले तर ऑक्टेनची उणीव दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते. म्हणून ‘इथेनॉलविरहित’ हा शब्द अचूक आहे आणि ‘शुद्ध’ हा नाही. वर्गात पहिलाच शब्द वापरावा.

ओघाने आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ‘अल्कोहोल’ हा शब्द अरबी ‘अल्-कुह्ल’वरून आला, आणि कुह्ल म्हणजे सुरमा. अतिशय बारीक पूड या अर्थाने तो युरोपातील किमयागारांनी उचलला. पुढे अर्क, सत्त्व असा त्याचा अर्थविस्तार झाला आणि शेवटी तो मद्यार्कापुरता उरला. ऊर्ध्वपातनाच्या भांड्याचे ‘अलेंबिक’ हे नावही अरबी ‘अल्-अंबीक़’मधूनच युरोपात गेले. इंधनातले इथेनॉल चालते का, असा प्रश्न काही घरांतून विचारला जातो. त्याचा निर्णय देणे उलेमांचे काम आहे. रसायनशास्त्राच्या बाजूने एवढेच सांगता येते की पेट्रोलमध्ये जाणारे इथेनॉल जवळजवळ निर्जल असते आणि पेट्रोलमध्ये मिसळल्यावर ते पिण्याजोगे मुळीच राहत नाही.

मिरज-मनमाडपासून ई-२० पर्यंत

भारतात या कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच भागात झाली. २००१ मध्ये पाच टक्के मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प महाराष्ट्रात मिरज व मनमाड येथे आणि उत्तर प्रदेशात बरेली येथे घेण्यात आले. जानेवारी २००३ पासून नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण ठरवण्यात आले. त्यांत महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, गुजरात आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश ही राज्ये होती. म्हणजे बेळगाव, पणजी, वडोदरा किंवा हैदराबाद येथील वाहनधारकाला इथेनॉल अगदीच नवे नाही. मधली दहा-बारा वर्षे पुरवठा अनियमित राहिला. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने मळीबरोबर उसाचा रस आणि धान्य यांपासूनही इथेनॉल घेण्यास वाट दिली, आणि नंतर वेग एकदम वाढला. दहा टक्क्यांचे लक्ष्य जून २०२२ मध्ये गाठले गेले, ई-२० चा प्रारंभ फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरू येथे झाला, आणि २०३० साठी ठरवलेले वीस टक्क्यांचे लक्ष्य २०२५ मध्येच पूर्ण झाले.

वेग वाढला, पण रस्त्यावरच्या गाड्या त्या वेगाने बदलल्या नाहीत. एप्रिल २०२३ पासून तयार होणाऱ्या गाड्यांचे रबर, प्लास्टिक व धातूचे भाग ई-२० सहन करतील असे केले गेले. त्याआधीच्या गाड्या ई-१०, ई-५ किंवा कोणतेही इथेनॉल गृहीत न धरता बनलेल्या आहेत. आपल्या गॅरेजांत येणाऱ्या बहुसंख्य गाड्या याच वर्गातल्या आहेत.

इंजिनात नेमके काय घडते

पहिला मुद्दा ऊर्जेचा. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर एक लिटर इथेनॉलपासून सुमारे २१. ई-२० च्या एका लिटरात ०.८ लिटर पेट्रोल आणि ०.२ लिटर इथेनॉल असते, म्हणजे २५.६ अधिक ४.२, एकूण २९.८ मेगाज्यूल. घट सुमारे सात टक्के. ई-१० साठी हाच हिशेब केला तर घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातले आकडे याच्याशी जुळतात: इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीत ई-२० मुळे ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठी रचून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के घट. गणिताच्या शिक्षकांनाही हे उदाहरण वर्गात घेता येईल. त्यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. २०२२ पासून ई-१० वर चालत आलेली गाडी ई-२० वर आली की तिचे मायलेज आणखी साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटू शकते. ‘मायलेज वीस टक्क्यांनी पडले’ अशी तक्रार आली, तर एअर फिल्टर, टायरमधली हवा, ब्रेकचे घासणे आणि कार्बोरेटर तपासल्याशिवाय इथेनॉलकडे बोट दाखवू नये.

दुसरा मुद्दा हवेच्या प्रमाणाचा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलो. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, हे त्याचे कारण. ई-२० साठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि संगणक इंधन थोडे वाढवतो. कार्बोरेटरला डोळे नसतात. त्याच्या जेटमधून पूर्वीइतकेच इंधन जाते, हवा मात्र गरजेपेक्षा जास्त ठरते, आणि मेकॅनिकच्या भाषेत मिश्रण ‘लीन’ होते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके आल्यावर दुचाकींत इंजेक्शन सर्रास आले. त्याआधीच्या बहुतेक दुचाकी कार्बोरेटरच्या आहेत. सकाळी चोक ओढूनही गाडी लवकर सुरू न होणे, पिकअप घेताना अडखळणे, इंजिन नेहमीपेक्षा तापणे आणि प्लग काढून पाहिला तर तो पांढरा पडलेला असणे, ही त्याची लक्षणे. जेट अर्धवट बुजले किंवा इनटेकला हवेची गळती असली तरी हीच लक्षणे दिसतात. म्हणून आधी कार्बोरेटर साफ करावा, मॅनिफोल्डचे रबर तपासावे आणि मगच एक नंबर मोठ्या जेटचा विचार करावा. एअर स्क्रूचा परिणाम मुख्यतः आयडलिंगवर होतो, हे विद्यार्थी हमखास विसरतात. जेट बदलल्यावर पीयूसी तपासणीही करून घ्यावी.

तिसरा मुद्दा भागांच्या टिकाऊपणाचा. जुन्या गाड्यांतील काही प्रकारचे रबर इथेनॉलने फुगते, मग कडक होऊन चिरते. कॉर्कचे गॅस्केट, जस्ताचे मिश्रधातू आणि फायबरग्लासच्या काही टाक्या यांनाही ते मानवत नाही. शिवाय इथेनॉल हे चांगले द्रावक असल्याने टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ सुटतो आणि फिल्टरमध्ये किंवा जेटमध्ये जाऊन अडकतो. सुरुवातीच्या बऱ्याच तक्रारी याच प्रकारच्या असतात आणि एक-दोनदा साफसफाई झाली की थांबतात. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या खुलाशात, काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबराचे भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि तो खर्च फारसा नसतो, असे म्हटले होते. खर्च फारसा नसतो हे खरे. पण तो कोणाला फारसा नाही, हाही प्रश्न आहे. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या माणसाला गाडी एक दिवस गॅरेजमध्ये उभी राहणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे.

ऑक्टेनच्या बाबतीत मात्र इथेनॉलची बाजू भक्कम आहे. त्याचा ऑक्टेन अंक १०८ च्या आसपास असतो आणि बाष्प होताना ते पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता शोषून मिश्रण थंड करते. ई-२० साठी खास रचलेले, जास्त दाबाचे इंजिन याचा लाभ घेते. जुन्या कमी दाबाच्या इंजिनाला मात्र त्या वाढीव ऑक्टेनचा काहीच उपयोग होत नाही.

पाणी हा खरा शत्रू

गाडी रोज चालत असेल आणि टाकी आठवड्याला रिकामी होत असेल, तर वरचे सर्व परिणाम सोसण्याजोगे राहतात. खरा धोका पडून राहिलेल्या पेट्रोलात असतो, आणि तो पाण्यामुळे निर्माण होतो.

साध्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही. ते तळाशी थेंबांच्या रूपात बसते. इथेनॉल मात्र पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते. त्यामुळे ई-१० चे एक लिटर सुमारे पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा पाणी स्वतःत विरघळवून ठेवते. ई-२० त्याहून थोडे जास्त ठेवते. ही मर्यादा ओलांडली किंवा थंडीने मर्यादाच खाली आली, की पाणी आणि इथेनॉल दोघे हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्याने तळाशी जातात. पुस्तकात याला फेज सेपरेशन म्हणतात. विद्यार्थ्यांना ‘पेट्रोल फुटले’ असे सांगितले तर ते लगेच समजते. दूध नासल्यावर पाणी वेगळे होते, तसेच हे.

याचे तीन परिणाम होतात. इंधन ओढणारी नळी तळाशी असते, म्हणून इंजिनाला पेट्रोलऐवजी पाणीमिश्रित अल्कोहोल मिळते आणि ते सुरूच होत नाही. वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घटतो. आणि तळाचा थर लोखंडी टाकीला आतून गंज लावतो. टू-स्ट्रोक इंजिनात यापेक्षा गंभीर प्रकार घडतो आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. ग्रास कटर, काही पॉवर स्प्रेअर, जुन्या स्कूटर यांच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले असते आणि तेच इंजिनाचे वंगण असते. पेट्रोल फुटले की ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते आणि इंजिन तळाचा बिनवंगणाचा थर ओढते. त्यावर ते काही वेळ चाललेच, तर पिस्टन जाम होण्याची वेळ येते. मालक म्हणतो, ‘ऑइल तर बरोबर टाकले होते.’ त्याचे म्हणणे खरेच असते.

पाणी येते कोठून? हवेतल्या दमटपणातून ते शोषले जाते, पण अर्ध्या भरलेल्या बंद टाकीत ही क्रिया सावकाश चालते. जास्त पाणी येते ते टाकीच्या झाकणाच्या फाटलेल्या वायसरमधून, पावसात उभ्या गाडीवरून आणि वॉशिंग सेंटरवरच्या जोरदार फवाऱ्याने. गोवा, कोकण आणि बेळगावच्या पश्चिमेकडील तालुक्यांत, जेथे चार महिने संततधार असते, तेथे झाकणाचे वायसर बदलणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी दुरुस्ती आहे. पंपावरच्या भूमिगत टाकीलाही हाच नियम लागू आहे. पूर्वी तिच्या तळाशी साचलेले पाणी पेट्रोलपासून वेगळे राहत असे. आता तेच पाणी इथेनॉलला खाली ओढून घेते आणि थर वाढत जातो.

इथेनॉलविरहित पेट्रोल कोणी, कधी वापरावे

भारतात २०२५ मध्ये इथेनॉलविरहित म्हणून ज्याचा उल्लेख होत होता, ते १०० ऑक्टेनचे महागडे पेट्रोल होय. ते मोठ्या शहरांतील निवडक पंपांवर मिळते आणि त्याचा दर लिटरला १६० रुपयांच्या आसपास होता. त्याचे आकर्षण मोठे आहे, म्हणून हिशेब मांडून पाहावा. साधे पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये धरू. महिन्याला एक हजार किलोमीटर चालणारी, लिटरला ५० किलोमीटर देणारी मोटारसायकल २० लिटर पेट्रोल पिते. ई-२० मुळे चार टक्के घट धरली तर महिन्याला सुमारे ८३ रुपये जास्त जातात. ही घट वाचवण्यासाठी महागडे पेट्रोल घेतले तर १२०० रुपये जास्त जातात. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या जुन्या मोटारीचा तोटा सात टक्क्यांनी महिन्याला ५०० रुपये होतो, आणि महागड्या पेट्रोलचा वाढीव खर्च ४००० रुपये. रोजच्या वापरासाठी हा सौदा कोणत्याही बाजूने बसत नाही. त्या पैशांत पेट्रोलचे पाइप, कार्बोरेटरचे किट आणि फिल्टर बदलून पुन्हा पैसे उरतात. १०० हा आकडा पाहून गाडी जोरात पळेल असे समजणाऱ्यालाही निराशा पदरी येते.

पडून राहणाऱ्या इंजिनाचा हिशेब मात्र उलटा होतो. ग्रास कटर पावसाळ्यात वापरून मेपर्यंत शेडमध्ये ठेवला जातो. दुकानाचा जनरेटर महिन्यातून एकदा सुरू होतो. आखाती देशांत नोकरीला असलेल्यांच्या गाड्या गोव्यात किंवा कोकणात वर्षातले दहा महिने ताडपत्रीखाली उभ्या असतात. अशा ठिकाणी सर्व पेट्रोल महागडे घेण्याची गरज नाही. इंजिन ठेवून देण्यापूर्वीची शेवटची टाकी तेवढी इथेनॉलविरहित भरावी, शक्यतो काठोकाठ, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. असे पेट्रोल मिळत नसेल, आणि तालुक्याच्या ठिकाणी ते बहुधा मिळतच नाही, तर लहान इंजिनासाठी बिनखर्चाचा उपाय आहे. टाकी रिकामी करावी, पेट्रोल कॉक बंद करावा आणि कार्बोरेटरमधले उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवावे. इथेनॉल नसलेले पेट्रोलही अनेक महिने पडून राहिले तर त्यात डिंकासारखा चिकट गाळ तयार होतो, हेही ध्यानात ठेवावे.

याबाबतीत इतर देशांनी ठेवलेली व्यवस्था अभ्यासण्यासारखी आहे. अमेरिकेत दहा टक्के मिश्रण सर्वत्र आहे. पंधरा टक्क्यांचे इंधन २००१ नंतरच्या मोटारींपुरतेच मान्य असून मोटारसायकली, बोटी आणि गवत कापण्याची यंत्रे यांत ते घालण्यास मनाई आहे, तसे लेबल पंपावरच लावावे लागते. बोटी आणि लहान यंत्रांसाठी इथेनॉलविरहित पेट्रोल तेथे अनेक ठिकाणी स्वतंत्र मिळते. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये ई-१० आणले तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ई-५ चे ‘सुपर’ पेट्रोल चालू ठेवले. इथेनॉलच्या वापरात जगात अग्रेसर असलेल्या ब्राझीलने ऑगस्ट २०२५ मध्ये साध्या पेट्रोलचे प्रमाण ३० टक्के केले. तेथे प्रीमियम पेट्रोल २५ टक्क्यांवरच ठेवले आहे, आणि २००३ पासून कोणतेही प्रमाण ओळखणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल मोटारी तेथे सर्रास बनतात. भारतातही जुन्या वाहनांसाठी ई-१० उपलब्ध ठेवण्याचा विचार २०२१ च्या अहवालात होता आणि मिश्रित पेट्रोल स्वस्त असावे असेही त्यात सुचवले होते. प्रत्यक्षात इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत जुलै २०२५ अखेर लिटरला ७१.३२ रुपयांवर गेली आणि स्वस्ताईचा मुद्दा मागे पडला. उसाला आणि मक्याला भाव मिळाला, परकीय चलन वाचले, हे लाभ खरे आहेत. पण लाभ देशाचा आणि बदललेल्या वायसरचा खर्च जुन्या स्कूटरवाल्याचा, ही वाटणी न्याय्य म्हणता येत नाही.

वर्कशॉपमधील एक चाचणी

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे नुसते पाहून, वास घेऊन किंवा घनता मोजून कळत नाही. मानकानुसार पेट्रोलची घनता घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान कोठेही असू शकते, आणि मिश्रणाचा फरक त्यातच लपून जातो. पाण्याची चाचणी सोपी आहे आणि ‘फुटलेले’ पेट्रोल कसे दिसते हेही तिच्यात आपोआप दिसते.

१०० मिलिलिटरच्या काचेच्या मोजपात्रात बरोबर १० मिलिलिटर पाणी घ्यावे व त्यात खाण्याच्या रंगाचे दोन थेंब टाकावेत. वर ९० मिलिलिटर पेट्रोल ओतून बूच लावावे, दोन-चार वेळा हलकेच उलटसुलट करावे आणि मधूनमधून बूच सैल करून वाफ सोडावी. दहा मिनिटे पात्र स्थिर ठेवावे. पेट्रोल इथेनॉलविरहित असेल तर रंगीत थर दहाच्या खुणेवरच राहतो. ई-१० असेल तर तो अठराच्या आसपास चढतो, ई-२० असेल तर पंचवीस ते अठ्ठावीसपर्यंत. इथेनॉल पाण्यात गेल्यावर एकूण आकारमान किंचित आकसते आणि थोडे इथेनॉल वर राहते, म्हणून आकडा तंतोतंत येत नाही; अंदाजासाठी तो पुरेसा आहे. ही चाचणी उघड्यावर, ज्योत, सिगारेट व ठिणगी यांपासून लांब करावी. पातळ प्लास्टिकचे ग्लास वापरू नयेत, ते विरघळतात. उरलेले द्रव गटारात न ओतता झाकणाच्या धातूच्या डब्यात वेगळे साठवावे आणि वर्कशॉपच्या वाया गेलेल्या ऑइलबरोबर त्याची विल्हेवाट लावावी.

चाचणी पाहिल्यावर हुशार विद्यार्थी एक प्रश्न विचारेलच: अशा रीतीने पाण्याने धुऊन इथेनॉल काढून टाकावे आणि वरचे पेट्रोल गाडीत घालावे, तर? तसे करू नये. मिश्रणासाठी येणारे मूळ पेट्रोल इथेनॉलच्या ऑक्टेनवर भिस्त ठेवून बनवलेले असते. इथेनॉल गेले की उरते ते कमी ऑक्टेनचे, ठोके देणारे आणि पाण्याचा अंश राहिलेले इंधन. शिवाय पाच लिटर पेट्रोल धुतल्यावर तळाशी एक-दीड लिटर ज्वालाग्राही पाणी उरते. ते कोणत्या गटारात जाणार आणि त्या गटाराशेजारी कोणाची चूल पेटलेली असणार, हे धुणाऱ्याला ठाऊक नसते.